वह्यांमधले मंडळ: एका कलाकार-संघटनेचा इतिहास आणि उद्देश लिहिताना

आमच्या कलाकार मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘मंडळाचा इतिहास आणि उद्देश’ या शीर्षकाखाली दोन पानांचा मजकूर लिहावा, असे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. मी मंडळाचा वीस वर्षांचा सभासद, जलरंगात निसर्गचित्रे करणारा, आणि मधली काही वर्षे सहकार्यवाह. त्यामुळे लिहायचे ते मला बहुतेक ठाऊकच आहे, चार जुन्या सभासदांशी बोलले की दोन पाने पंधरवड्यात होतील, असे मला प्रामाणिकपणे वाटले होते. प्रत्यक्षात या कामाला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत काय करावे लागले, कुठे अडलो आणि शेवटी मंडळाचा उद्देश कोणत्या वाटेने हाती आला, हे येथे सविस्तर लिहितो आहे, कारण अशा लहान संघटना गावोगावी आहेत आणि त्यांतल्या कुणावर तरी हेच काम कधीतरी येणार आहे.

पहिला प्रश्न कागदांचा होता. ज्या संघटनेला स्वतःची कायमची जागा नसते, तिचे दप्तर पदाधिकाऱ्यांबरोबर फिरते. कार्यवाह बदलला की इतिवृत्ताची चालू वही नव्या कार्यवाहाकडे जाते, पण भरलेल्या वह्या आधीच्याच घरी राहतात. खजिनदाराच्या रोकडवह्यांचे आणि पावतीपुस्तकांचेही तेच होते. त्यामुळे मी सर्वांत आधी आजवरच्या सर्व कार्यवाहांची आणि खजिनदारांची क्रमवार यादी केली आणि प्रत्येकाच्या घरी, किंवा ते हयात नसतील तर त्यांच्या कुटुंबीयांकडे, स्वतः गेलो. फोनवर विचारले की ‘आमच्याकडे काही नाही’ असे उत्तर येते; समोर बसून जुन्या प्रदर्शनांविषयी बोलू लागले की माळ्यावरची ट्रंक आठवते. अशा रीतीने इतिवृत्ताच्या सात वह्या, रोकडवह्यांचा एक मोठा गठ्ठा, आमंत्रणपत्रिका, प्रदर्शनांच्या चित्रसूची आणि बरीच छायाचित्रे जमा झाली. दोन वह्यांना वाळवी लागली होती आणि सलग तीन वर्षांचे इतिवृत्त मिळालेच नाही. ती तीन वर्षे मी आठवणींच्या आधारे भरून काढली नाहीत. त्या काळातील इतिवृत्त उपलब्ध नाही, असे मजकुरात स्पष्ट लिहिले.

हे दप्तर हाताळताना एक चूक माझ्याकडून झाली, ती सांगणे आवश्यक आहे. पहिल्याच आठवड्यात मी उत्साहाने सगळे कागद विषयवार लावले: प्रदर्शनाचे इकडे, वर्गणीचे तिकडे, पत्रव्यवहार वेगळा. पुढे लक्षात आले की एका जाडजूड लिफाफ्यात एकत्र ठेवलेले सहा कागद, म्हणजे एक ठराव, दोन पत्रे, एक पावती आणि दोन छायाचित्रे, मिळून एकच घटना सांगत होते आणि ते वेगळे करून मी तो दुवाच तोडला होता. जुने दस्तऐवज ज्या क्रमाने मिळतात त्या क्रमानेच ठेवावेत, प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक द्यावा, कोणाकडून मिळाला त्याची नोंद करावी आणि मूळ कागदावर काहीही लिहू नये, ही अभिलेखागारांची साधी शिस्त मी त्यानंतर पाळली. तो लिफाफा पुन्हा जुळवायला मला दोन महिने लागले.

स्थापनेची तारीख ठरवणे हे काम अगदी सोपे असेल असे सर्वांनाच वाटत होते, कारण पत्रव्यवहाराच्या कागदावर स्थापनेचे वर्ष छापलेलेच होते. परंतु वह्यांतून तीन तारखा निघाल्या. एका रविवारी काही चित्रकार एकत्र बसून रेखाटने करू लागले, ती पहिली. ‘मंडळ’ या नावाने पहिले प्रदर्शन भरले, ती दुसरी. आणि घटना तयार होऊन संस्थेची नोंदणी झाली, ती तिसरी. पहिली आणि तिसरी यांत जवळजवळ चार वर्षांचे अंतर होते आणि छापलेले वर्ष तिसऱ्या तारखेचे होते. कलाकारांच्या संघटनांच्या इतिहासात असे अंतर नवे नाही. पुढे ज्यांना दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) म्हटले गेले त्या मोने, पिसारो, दगा, रन्वार आदी पॅरिसमधील चित्रकारांनी आपली सहकारी संस्था 27 डिसेंबर 1873 रोजी स्थापन केली. पण आज जगाला आठवते ती 15 एप्रिल 1874 ही तारीख, म्हणजे छायाचित्रकार नादार यांच्या जुन्या स्टुडिओत त्यांचे पहिले प्रदर्शन उघडले तो दिवस. कागदावर जन्मलेली संस्था आणि लोकांच्या डोळ्यांसमोर आलेली संस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही तिन्ही तारखा दिल्या आणि प्रत्येक तारखेला काय घडले ते एकेका वाक्यात लिहिले. सुवर्णमहोत्सव मात्र नोंदणीच्या वर्षावरूनच साजरा झाला, आणि त्यात मला काही गैर वाटले नाही.

त्या पॅरिसच्या संस्थेचा उल्लेख केला आहे तर थोडे अधिक लिहितो, कारण या कामाच्या काळात तिच्या व्यवहाराविषयी मी पुष्कळ वाचले आणि त्याने मला धीर दिला. आपण त्या चित्रकारांकडे रंगांच्या क्रांतीचे नायक म्हणून पाहतो. पण त्यांचे पहिले काम नियमावली तयार करण्याचे होते. पिसारो यांनी त्यासाठी नमुना म्हणून एका बेकरी-कामगार संघटनेची सनद पुढे केली होती. वार्षिक वर्गणी साठ फ्रँक होती. सुमारे तीस कलाकारांच्या दीडशेहून अधिक कलाकृतींचे ते प्रदर्शन साधारण साडेतीन हजार लोकांनी पाहिले, आणि वर्षअखेरीस हिशेब मांडला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या वाट्याला 184.50 फ्रँक देणे आले, म्हणून डिसेंबर 1874 मध्ये ती संस्था विसर्जित करण्यात आली. संस्था वर्षभरही नीट टिकली नाही. त्या मंडळींची एकत्र प्रदर्शने मात्र 1886 पर्यंत होत राहिली. आमच्या रोकडवहीत तुटीच्या प्रदर्शनानंतर लिहिलेले ‘फरक सभासदांनी समसमान भरावा’ हे वाक्य मी वाचले, तेव्हा त्या अक्षरांकडे मी वेगळ्या आदराने पाहिले.

इतिवृत्त वाचण्याचीही एक रीत असते, ती मला हळूहळू उमगली. ‘चर्चा झाली’, ‘सर्वानुमते संमत’, ‘विषय पुढील बैठकीवर ठेवण्यात आला’ या वाक्यांनी वह्या भरलेल्या असतात आणि ती वाक्ये भांडणे झाकण्यासाठीच जन्माला आलेली आहेत असे प्रथम वाटते. परंतु एकच विषय सलग पाच बैठकींत पुढे ढकलला गेला असेल, ठरावाचा सूचक आणि अनुमोदक हे नेहमीचेच दोघे असतील आणि सहाव्या बैठकीपासून तीन परिचित सह्या हजेरीच्या पानावरून नाहीशा झाल्या असतील, तर न लिहिलेले बरेच काही वाचता येते. म्हणून मी ठरावांबरोबर सह्यांचाही तक्ता केला: कोणत्या बैठकीला कोण उपस्थित होते, कोण कधी आले आणि कोण कधी येईनासे झाले. मंडळाच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना, म्हणजे फूट, मला ठरावांत सापडली नाही; ती या तक्त्यात सापडली.

त्यानंतर मुलाखती घेतल्या. ‘अमुक वर्षी काय झाले’ असे विचारले की ज्येष्ठ सभासद गोंधळत, कधी दोन वर्षे एकमेकांत मिसळत, आणि त्यांना स्वतःलाच त्याचे वाईट वाटे. मग मी पद्धत बदलली. त्या काळातले स्वतःचे एक चित्र समोर ठेवा आणि त्या चित्राविषयी सांगा, अशी विनंती मी करू लागलो. चित्रकाराला वर्ष आठवत नाही, पण ते चित्र कोणत्या खोलीत, कोणत्या बाजूच्या उजेडात, कोणाशेजारी बसून केले, रंग कोणाकडून उसना घेतला, प्रदर्शनात ते कुठल्या भिंतीवर लागले आणि त्यावर कोण काय म्हणाले, हे चाळीस वर्षांनंतरही जसेच्या तसे आठवते. एका शिल्पकार बाईंनी शाडूच्या एका लहान डोक्यावरून सलग दोन तास मला मंडळाची पहिली दहा वर्षे सांगितली. प्रत्येक मुलाखतीचे टिपण मी त्या व्यक्तीला वाचून दाखवले आणि त्यांनी वगळायला सांगितलेले वगळले. एका ठिकाणी फार मोलाचा मजकूर गेला, तरी तो गेलाच.

फुटीचे प्रकरण कसे लिहावे यावर कार्यकारिणीत सर्वाधिक वाद झाला. वार्षिक प्रदर्शनासाठी निवड समिती असावी की सभासदाने दिलेले प्रत्येक चित्र लावावे, या प्रश्नावर मंडळात मतभेद होऊन काही चांगले चित्रकार बाहेर पडले होते. ‘स्मरणिकेत हे कशाला, मंगल प्रसंग आहे,’ असे आमच्या अध्यक्षांनी मला समजावले, आणि त्यांचा हेतू चांगलाच होता. मी मात्र आग्रह सोडला नाही, कारण माझ्या मते कलाकारांच्या संघटनांचा इतिहास हा बव्हंशी याच एका प्रश्नाचा इतिहास आहे: भिंतीवर काय लागावे हे कोणी ठरवायचे? पॅरिसमध्ये 1884 साली स्थापन झालेल्या स्वतंत्र कलाकारांच्या संस्थेने ‘परीक्षक नाहीत, पारितोषिके नाहीत’ हेच आपले ब्रीद केले. व्हिएन्नामध्ये 1897 साली गुस्टाफ क्लिम्ट आणि त्यांचे सहकारी प्रस्थापित कलाकार-संस्थेतून बाहेर पडले आणि त्यांनी आपल्या संघटनेचे नावच ‘विलग होणे’ या अर्थाचे ठेवले. आपल्याकडे मुंबईत 1888 साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी वार्षिक प्रदर्शने भरवत असतानाच 1947 साली सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे या सहा जणांना प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची गरज वाटली. तो गट दहा वर्षेही टिकला नाही. सूझा आणि रझा तर थोड्याच काळात परदेशी गेले. तरीही त्या गटाशिवाय आधुनिक भारतीय चित्रकलेचा इतिहास लिहिता येत नाही. फूट पडणे हे संघटनेचे अपयशच असते असे नाही, हे मला मनापासून वाटते. अखेर आमच्या मजकुरात दोन्ही बाजूंचे म्हणणे प्रत्येकी एका परिच्छेदात आले. बाहेर पडलेल्यांपैकी दोघांना तो मसुदा मी आधी दाखवला. त्यांनी एक शब्द बदलायला सांगितला: ‘सोडून गेले’ याऐवजी ‘वेगळे झाले’. तो शब्द मी बदलला.

एवढे सगळे झाले तरी उद्देशाचे पान कोरेच होते. घटनेत उद्देश छापलेला होता: ‘कलेचा प्रचार व प्रसार करणे, कलाकारांना व्यासपीठ मिळवून देणे, समाजात कलाविषयक अभिरुची निर्माण करणे.’ यात चुकीचे काहीच नाही. पण हे वाक्य कोणत्याही कलासंस्थेच्या नावाखाली छापता येईल, आणि आमच्या मंडळाने पन्नास वर्षे नेमके काय केले ते त्यातून कळत नाही. उत्तर मला रोकडवह्यांत मिळाले, आणि तेही अनपेक्षितपणे. मोठे खर्च प्रदर्शनांचे होते, परंतु ते वर्षातून एकदा येत. दर आठवड्याला न चुकता येणारी, वर्गणी थकलेली असतानाही, तुटीच्या वर्षांतही, फुटीच्या वर्षीसुद्धा न थांबलेली नोंद एकच होती: रविवारच्या सरावाची खोली आणि समोर बसणाऱ्या मॉडेलचे मानधन. मंडळाने पन्नास वर्षांत प्रदर्शन चार वेळा रद्द केले. ज्या वर्षांच्या रोकडवह्या उपलब्ध आहेत, त्यांत रविवारचा सराव स्वतःहून एकदाही बंद केलेला नाही. पैसे नसताना संघटना ज्या गोष्टीवर पैसे खर्च करते तीच तिची खरी निष्ठा असते, असे मी त्या रात्री माझ्या टिपणवहीत लिहिले.

दुसरी नोंद लहान रकमांची होती: ‘आजारपणानिमित्त’, ‘औषधासाठी’, ‘अंत्यविधीसाठी’. घटनेच्या उद्देशांत याचा मागमूस नव्हता. पण मागे पाहिले तर कलाकारांच्या संघटनांची मुळे येथेच आहेत. युरोपातील सेंट ल्यूक या चित्रकारांच्या संरक्षक संताच्या नावाने चालणारे चित्रकारांचे संघ कामाचा दर्जा आणि व्यवसायाचे नियम पाहत, तसेच आजारी सभासदाची आणि मृताच्या कुटुंबाची काळजीही घेत. फ्लॉरेन्समधील चित्रकार तर वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या संघात मोडत, कारण रंगद्रव्ये औषधांच्याच दुकानांत मिळत. पुढे 1563 साली चित्रकार आणि कलाकारांचे चरित्रकार वासारी यांच्या पुढाकाराने तेथे कलाकारांची स्वतंत्र अकादमी उभी राहिली. इंग्लंडमध्ये 1814 साली टर्नर यांच्यासह काही चित्रकारांनी अडचणीतील कलाकारांसाठी मदतनिधीची संस्था काढली, ती आजही काम करते. म्हणजे आमच्या खजिनदारांनी कुणाला न विचारता लिहिलेल्या त्या बारीक नोंदी एका फार जुन्या परंपरेतल्या होत्या.

छायाचित्रांच्या बाबतीत एक प्रश्न पुढे आला. पहिल्या दशकातील सभासदांच्या यादीत एक चतुर्थांशाहून अधिक स्त्रिया होत्या. त्या दशकातील सामूहिक छायाचित्रांत मात्र त्या अभावानेच दिसत. लंडनच्या रॉयल अकादमीच्या 1768 मधील संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी होत्या. परंतु योहान झोफानी यांनी काही वर्षांतच अकादमीच्या सदस्यांचे जे समूहचित्र रंगवले, त्यात पुरुष सदस्य विवस्त्र मॉडेलभोवती उभे आहेत आणि या दोघी केवळ भिंतीवर टांगलेल्या व्यक्तिचित्रांच्या रूपाने आहेत, कारण त्या वर्गात स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्या दोघींनंतर एखाद्या स्त्रीला पूर्ण सदस्यत्व मिळायला 1936 साल, लॉरा नाइट यांची निवड, उजाडावे लागले. हे वाचल्यावर मी आमची छायाचित्रे सोडून पुन्हा सह्यांच्या तक्त्याकडे वळलो. रविवारच्या सरावाच्या हजेरीत त्या स्त्रिया नियमित होत्या. बक्षीस समारंभाच्या संध्याकाळी त्यांना थांबणे शक्य नसे, आणि छायाचित्र समारंभानंतर काढले जाई. स्मरणिकेत म्हणून आम्ही छायाचित्रांपेक्षा हजेरीच्या पानांची प्रतिकृती मोठी छापली.

उद्देशाचे वाक्य लिहिण्यासाठी पाच जणांची उपसमिती झाली. पहिल्या मसुद्यात ‘सर्वांगीण’, ‘उन्नती’, ‘समृद्ध वारसा’ असे शब्द आले आणि ते माझेच होते. आमच्यातील एका तरुण मुद्राचित्रकार मुलीने एक कसोटी सुचवली: या वाक्याच्या आधारे आपण एखाद्या प्रस्तावाला ‘नाही’ म्हणू शकतो का? वाक्य कशालाच नकार देत नसेल तर त्याचा उपयोग काय? त्या कसोटीवर एकेक शब्द गळत गेला. अकरा मसुद्यांनंतर उरले ते असे: ‘कोणत्याही वयाच्या आणि कोणतेही शिक्षण घेतलेल्या व्यक्तीला इतर कलाकारांच्या सहवासात नियमित सराव करता यावा, वर्षातून एकदा आपले काम लोकांसमोर ठेवता यावे आणि अडचणीच्या काळात सहकाऱ्यांचा आधार मिळावा, यासाठी हे मंडळ आहे.’

सर्वसाधारण सभेत हे वाक्य मांडले तेव्हा गणपूर्ती होऊन वर माणसे उभी होती. पहिला आक्षेप ‘कोणतेही शिक्षण घेतलेल्या’ या शब्दांवर आला: कलाशाळेतून रीतसर शिकलेल्यांना आणि हौसेने चित्रे काढणाऱ्यांना एकाच मापाने मोजायचे का? आक्षेप घेणाऱ्या सरांनी उभे आयुष्य कला शिकवण्यात घालवले आहे आणि त्यांची कळकळ खरी होती. त्यांना उत्तर मी दिले नाही; पहिल्या वहीचे पहिले पान वाचून दाखवले. रविवारी एकत्र बसणाऱ्या पहिल्या नऊ जणांच्या व्यवसायांची नोंद त्यात होती, आणि त्यांत कलाशिक्षण घेतलेले तिघेच होते. सर थोडा वेळ शांत राहिले आणि मग म्हणाले, “असे असेल तर ‘कोणतेही शिक्षण घेतलेल्या किंवा न घेतलेल्या’ असे लिहा, अर्धवट लिहू नका.” ती दुरुस्ती त्यांच्याच नावाने सूचना म्हणून नोंदली गेली आणि ठराव बहुमताने संमत झाला, विरोधी मते चार होती, तीही इतिवृत्तात आहेत.

त्याच सभेत मी आणखी एक विषय मांडला. रोकडवहीत ज्यांची नावे सर्वाधिक वेळा येतात ती सभासदांची नव्हती. ती मॉडेल म्हणून बसणाऱ्यांची होती. इतिवृत्तात त्यांचा उल्लेख कोठेही नाही, प्रदर्शनाच्या सूचीत त्यांची चित्रे ‘अभ्यास’ किंवा ‘वृद्ध स्त्री’ एवढ्याच शीर्षकाने येतात. ज्यांना शोधता येईल त्यांची संमती घेऊन त्यांची नावे इतिहासात द्यावीत, असे ठरले. अनेकांचा ठाव लागला नाही. दोघांनी नाव न देण्याची इच्छा सांगितली आणि ती पाळली. सतरा वर्षे रविवारी येणाऱ्या एक आजी मात्र भेटल्या. मी त्यांना पावत्यांची छायाचित्रे दाखवली, तेव्हा त्यांनी ती नातीकडून वाचून घेतली आणि म्हणाल्या, “नाव चुकीचं लिहायचे तुमचे साहेब. माझं आडनाव हे नव्हे.” सतरा वर्षांच्या प्रत्येक पावतीवर एकच चूक होती, त्या अंगठा लावत असल्यामुळे ती त्यांच्या कधी लक्षातच आली नव्हती. मूळ पावत्यांना मी हात लावला नाही. बरोबर आडनाव एका स्वतंत्र चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी गठ्ठ्याच्या वर ठेवली, आणि छपाईला गेलेल्या मुद्रितात ते नाव दुरुस्त करून घेतले.